कॅरॅव्हॅनला लिथियम बॅटरी आणि सोलर: नुसती बॅटरी बदलून भागेल का?

राजारामपुरी_घरगाडी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळंच लिहिते.

आमची गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर व्हॅन. सेकंडहँड घेतली, सीटा काढून टाकल्या आणि इथंच कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आतलं सगळं काम करून घेतलं. दोन्ही बाजूंना पलंग होतील असे बाक, छोटा ओटा, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज, दोन पंखे, चार एलईडी दिवे, पाण्याची मोटर. मी बँकेतून निवृत्त झाले, आमचे हे माझ्या दोन वर्षं आधी. तेव्हापासून वर्षातले तीन-चार महिने आम्ही गाडीतच असतो.

विजेची सोय अशी आहे: १५० एएच (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी, घरातल्या इन्व्हर्टरला असते तसलीच. छपरावर १७० वॉटचं एक पॅनल, पॅनल आणि बॅटरीच्या मधे २० अँपिअरचा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर आणि ८५० व्हीएचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर. बॅटरी ह्यांच्या पलंगाखाली आहे, कारण एवढं वजन चाकाच्या जवळ ठेवा असं फर्निचरवाल्यानं सांगितलं होतं.

आता खरं कारण सांगते. ह्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. रात्री सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं यंत्र, लावावंच लागतं. गेल्या जुलैत आम्ही आंबोलीला होतो. दोन दिवस धुकं इतकं दाट की गाडीच्या आरशातून मागचं चाकसुद्धा दिसेना. दुसऱ्या रात्री पावणेतीनला मला जाग आली. इन्व्हर्टर शिट्टी मारत होता आणि सीपॅपचा तो बारीक सूं आवाज थांबलेला होता. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसले. श्वास थांबला की मनात आकडे मोजायचे: सात, आठ, नऊ, दहा, आणि मग एकदम बुडता माणूस वर यावा तसा त्यांचा श्वास यायचा. त्यांना उठवून बसवलं, इंजिन चालू केलं आणि उजाडेपर्यंत तसेच बसून राहिलो. त्यानंतर आम्ही मुक्कामाला बाहेर पडलेलोच नाही.

शहरातल्या एका दुकानात चौकशी केली. तिथला मुलगा म्हणाला, "काकू, जुनी काढायची, लिथियम ठेवायची, त्याच वायरी लावायच्या. अर्ध्या तासाचं काम." मला ते पटलं नाही. एवढं सोपं असतं तर सगळ्यांनीच केलं असतं. म्हणून विचारते:

खरंच नुसती बॅटरी बदलून भागतं का? किती एएचची घ्यावी? पॅनल वाढवायचं तर किती? आणि पलंगाखाली लिथियम ठेवणं सुरक्षित आहे का? स्कूटरना आगी लागल्याच्या बातम्या वाचल्यापासून मनात धाकधूक आहे.

गाडीसाठी खर्च करायला हात आखडत नाही. पण एकदाच करीन आणि नीट करीन.

उद्यमनगर_वायरमन

ताई, त्या पोराचं ऐकला नाहीत हे लई बरं केलंत.

लिथियम कशी वागते ते आधी सांगतो. लेड ॲसिड बॅटरी (तुमची ट्युब्युलर त्यातलीच) म्हणजे म्हातारं माणूस, हळूहळू जेवतंय. जरा भरली की करंट घ्यायचा आपोआप कमी करते. लिथियम तशी न्हाई. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा डायनॅमो, देईल तेवढं ओरपून घेते, आणि भरत आली तरी ओरपतच राहते. अल्टरनेटर सतत फुल लोडवर चालायला बनवलेला नसतो. ट्रॅफिकमध्ये इंजिन हळू फिरतंय, म्हणजे अल्टरनेटरचा पंखाबी हळू, वारा न्हाई, आणि करंट मात्र तुफान.

माझ्याकडं अशीच एक गाडी आलेली. कोणीतरी साध्या रिलेतनं लिथियम डायरेक्ट अल्टरनेटरला जोडलेली. मालक म्हणाला गाडीत वास येतोय. अल्टरनेटर खोलला तर आतली वायंडिंग काळीकुट्ट, वार्निश करपून पापुद्रे सुटलेले. बोट लावलं की काजळी हाताला. दुसरा धोका असा की बॅटरी फुल झाली आणि तिच्या बीएमएसनं, म्हणजे आतल्या राखणदार सर्किटनं, अचानक लाईन तोडली, तर अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर उसळी मारतो आणि डायोड जातात, कधी गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरबी जातो.

म्हणून मधे करंट आवरून बॅटरीला देणारा डीसी टू डीसी चार्जर पायजेच. तुमच्या गाडीला ३० अँपिअरचा पुरे. इंजिन चालू असतानाच तो चालू व्हावा अशी इग्निशनची वायर त्याला द्यायची. अल्टरनेटरच्या अंगावर अँपिअरचा आकडा असतो तो वाचा, आणि चार्जर त्याच्या निम्म्याच्या आतच ठेवा. चार्जर तापतो, तेव्हा बंद कपाटात बसवू नका.

याचा फायदा बघा. कोल्हापूर ते आंबोली अडीच-तीन तास धरा. तासाला ३० एएच म्हणजे पोचेपर्यंत ७५ ते ९० एएच बॅटरीत पडलेत. पावसाळ्यात छपरावरच्या पॅनलपेक्षा इंजिनच जास्त कमवून देतं.

आता वायर. तुमच्या जुन्या वायरी काढून टाका. १००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो. ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, अंतर कमीत कमी ठेवा. लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायचा तांब्याचा डोळा, हायड्रॉलिक पंचनं दाबून घ्या. हातोडीनं ठोकलेला लग वरनं चांगला दिसतो, पण आत तारांमधे पोकळी राहते. तिथंच गरम होतंय. अर्धा तास लोड चालवून प्रत्येक जोडाला हाताची मागची बाजू लावून बघायची. वायर कोमट चालेल, पण जोड वायरपेक्षा गरम लागला की तो लग कापून नवीन मारायचा. मी माझ्या पोरांना हेच शिकवतोय.

आणि फ्यूज. पॉझिटिव्ह टर्मिनलपासनं वीतभर अंतराच्या आत. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते, पाना वितळतो. स्कूटरच्या दुकानातला काचेचा फ्यूज त्याला पुरणार न्हाई. क्लास टी जातीचा फ्यूज मिळाला तर तोच घ्या. महाग हाय, पण एवढा करंट खात्रीनं तोडणारा तोच.

निवृत्त_पदार्थविज्ञान

ताई, आधी एक तातडीची गोष्ट. नवीन काही येईपर्यंत ती ट्युब्युलर बॅटरी पलंगाखालून आजच्या आज हलवा. लेड ॲसिड बॅटरी चार्ज होताना, विशेषतः भरत आल्यावर, हायड्रोजन सोडते. बंद बाकाखाली तो साठतो आणि ठिणगीनं पेटतो. ॲसिडची वाफ वेगळीच. आगीची भीती तुम्ही लिथियमची धरली आहे, पण आज ह्यांच्या उशाखाली जे आहे ते जास्त काळजीचं आहे.

दुसरं, इंजिन चालू ठेवून थांबलेल्या गाडीत पुन्हा झोपू नका. त्या रात्री तुम्ही जाग्या होतात म्हणून ठीक. धुराड्यातला विषारी कार्बन मोनॉक्साइड आत आला तर वास येत नाही.

आता लिथियम. "लिथियम बॅटरी" हे एका कुटुंबाचं नाव आहे, आतली भावंडं वेगवेगळी. स्कूटरमध्ये बहुतांशी निकेल-मँगनीज-कोबाल्टची जात असते. तिच्यात जागा कमी लागते, पण तापून बिघडली तर तिच्यातून प्राणवायू सुटतो आणि आग स्वतःला पोसते. तुम्ही घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. फॉस्फेटमधला फॉस्फरस आणि प्राणवायू यांचा बंध इतका घट्ट असतो की तो सहजी सुटत नाही. म्हणून ही जात पुष्कळ शांत. या पदार्थावरचा मूळ शोधनिबंध १९९७ साली टेक्सस विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटातून आला. गुडइनफ यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण त्या निबंधावर पहिली दोन नावं आहेत अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी. मी वर्गात हे आवर्जून सांगत असे.

तेव्हा एलएफपी पलंगाखाली चालेल. फक्त पेटी हवेशीर असू द्या, पट्ट्यानं घट्ट बांधा, आणि डोक्याच्या बाजूला न ठेवता पायाच्या बाजूला ठेवा. वजनाचा प्रश्नही सुटतो: तुमची ट्युब्युलर साठ किलोच्या घरात असेल, २०० एएचची एलएफपी पंचवीसच्या आत बसते.

हिशेब मांडू. सीपॅपचं मशीन गरम पाण्याच्या ह्युमिडिफायरसकट सरासरी ६० वॉट धरा. आठ तासांचे ४८० वॉट-तास. वर इन्व्हर्टर स्वतःचं खातो, म्हणजे सहाशेच्या आसपास. ह्युमिडिफायर बंद केला तर तेच मशीन २५ वॉटवर येतं, म्हणजे २०० वॉट-तास. आंबोलीच्या जुलैत हवा आधीच ओलीचिंब असते, तेव्हा तो लागतो का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी हो म्हटल्याशिवाय बंद करू नका. शिवाय बरीच सीपॅप मशीन मुळात १२ किंवा २४ व्होल्ट डीसीवर चालतात. मशीनच्या कंपनीचा गाडीसाठीचा डीसी अडॅप्टर मिळतो. तो घ्या, इन्व्हर्टर मधून काढूनच टाका. स्क्वेअर वेव्हवर असलं यंत्र चालवणं तसंही बरं नाही.

बाकीचं: फ्रिज ५४०, दोन पंखे रात्रभर ४००, दिवे ८०, मोटर २०, मोबाइल ४०. सीपॅपचे २०० धरून १२८०. एलएफपीचा व्होल्टेज १२.८, म्हणजे बरोबर १०० एएच रोजचे. २०० एएच बॅटरीतले ८० टक्के वापरले तर सूर्य अजिबात न दिसता दीड दिवस निघतो.

आंबोलीला काय झालं तेही यातच आहे. लेड ॲसिड निम्म्याच्या खाली नेली तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणजे तुमच्या १५० एएचमधले कामाचे ७५, जेमतेम ९०० वॉट-तास. एका दिवसाचीही पुंजी नव्हती. बॅटरीनं त्या रात्री दगा दिला असं तुम्हाला वाटत असेल, पण ती तिच्या कुवतीपेक्षा जास्तच राबली.

एक महत्त्वाचं, जे दुकानात सांगत नाहीत. लेड ॲसिड संपत आली की दिवे मंद होतात, पंखा हळू होतो, अंदाज येतो. एलएफपी तसं काही कळू देत नाही. ७० टक्क्यांना साधारण १३.२ व्होल्ट आणि ३० टक्क्यांना १३ च्या आसपास, फरक एवढासाच. मग शेवटी एकदम खाली, आणि बीएमएस लाईन तोडतो. व्होल्टमीटर बघून हिचा अंदाज घेताच येत नाही. निगेटिव्ह वायरवर शंट (करंट मोजायची पट्टी) लावून आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारा मीटर बसवा आणि ४० टक्क्यांना अलार्म लावा. तुमच्या घरची गरज बघता हा मीटर चैनीची वस्तू समजू नका.

गगनबावडा_मुक्काम

पॅनलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी लिहितो.

तुमचं १७० वॉटचं पॅनल पीडब्ल्यूएमवर १२० वॉटच देतंय. पीडब्ल्यूएम पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो, वरचे व्होल्ट वाया. एमपीपीटी जातीचा कंट्रोलर त्याच जादा व्होल्टचे अँपिअर करून देतो. तो घ्याच.

पॅनल घरांवर बसवतात तेच ५४० वॉटचं घ्या. वॉटमागे सगळ्यात स्वस्त पडतं. साधारण सव्वादोन मीटर बाय एक मीटर तेरा सेंटिमीटर, वजन २८ किलो. तुमच्या छपरावर एक आरामात बसेल. चांगल्या उन्हात दिवसाला अठराशे वॉट-तासांपर्यंत जातं, गरज १२८० ची. आपल्याकडे पॅनल तिरकं करायची फारशी गरज नाही. कोल्हापूर १६.७ अक्षांशावर, मेच्या सुरुवातीला सूर्य अगदी डोक्यावर असतो. पण छपराला चिकटवू नका. खाली चार बोटं हवा खेळली पाहिजे. एप्रिलच्या दुपारी पॅनल ६५ अंशांना जातं आणि सात-आठवा हिस्सा वीज उष्णतेतच जाते.

आता माझी चूक, तुमची होऊ नये म्हणून. माझी गाडी मोठी, दोन ५४० ची पॅनल. दोन्ही सिरीजमध्ये जोडली. एकेका पॅनलचा ओपन सर्किट व्होल्टेज (लोड न जोडता मिळणारा) ४९.५, दोन मिळून ९९. माझा एमपीपीटी १०० व्होल्टचा. म्हटलं, बसतंय की. महिनाभर चाललं. डिसेंबरात महाबळेश्वरला मुक्काम, सकाळी पहिलं ऊन छपरावर पडलं आणि एमपीपीटी मेला. कागदावरचे ४९.५ हे २५ अंशांचे असतात. पॅनल गार असेल तर व्होल्ट वाढतो. दहा अंशांना माझे ९९ चे १०३ झाले. विकणाऱ्यानं वॉरंटीत बदलून द्यायला नकार दिला आणि ते बरोबरच होतं. तुमचं एकच पॅनल, तुम्हाला हा धोका नाही. पण पुढेमागे वाढवलंत तर पॅरलल जोडा. आणि जुनं १७० चं याच एमपीपीटीला जोडू नका, दोघांचे व्होल्ट जुळत नाहीत.

उद्यमनगर_वायरमन

गगनबावडावाले, ५४० ला माझी एक हरकत हाय. ताई जंगलात थांबणार. झाडाची एक फांदी आडवी पडली की एकुलत्या एक पॅनलचा बराच भाग बसला. दोनशेची दोन-तीन पॅनल पॅरलल लावली तर एकावर सावली, बाकीची चालू. आणि २८ किलोची काच एका तुकड्यात छपरावर, आपल्या रस्त्यांवर? मी तरी लहानच लावीन.

गगनबावडा_मुक्काम

सावलीचं मान्य. पण नवीन हाफ-कट पॅनलचे दोन अर्धे वेगळे चालतात, पूर्वीइतकं बसत नाही. रस्त्याचं म्हणाल तर माझी तीन वर्षं झाली, काच शाबूत आहे. फ्रेमला सहा ठिकाणी नट-बोल्ट, खाली रबर, नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा नाही. ताईंनी ठरवावं. उघड्यावर थांबणार असाल तर ५४०, झाडाखाली थांबणार असाल तर वायरमन सांगतात ते.

राजारामपुरी_घरगाडी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. हायड्रोजनचं वाचलं आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या मुलांना बोलावून बॅटरी बाहेर काढली. बाकाच्या खालच्या पत्र्यावर हाताच्या पंजाएवढा भाग खाऊन गेलेला होता, नखानं खरवडला तर पांढरी भुकटी निघाली. दोन वर्षं हे त्याच्यावर झोपत होते. मी ती जागा सोड्याच्या पाण्यानं धुतली आणि बराच वेळ तिथंच बसले.

मग काम काढलं. काय काय केलं ते लिहिते, कोणाला उपयोगी पडेल.

बॅटरी २०० एएच एलएफपी, पायाच्या बाजूला. ३० अँपिअरचा डीसी टू डीसी, ५० अँपिअरचा एमपीपीटी, क्लास टी फ्यूज, शंटचा मीटर. पॅनल ५४० चंच घेतलं, कारण मला झाडाखाली थांबायची भीती वाटते, वादळात फांदी पडते. छोटा प्युअर साइन इन्व्हर्टर घेतला, फक्त मिक्सरपुरता, एरवी बंद. मशीनला कंपनीचा डीसी अडॅप्टर. डॉक्टरांनी सांगितलं की पावसाळ्यात ह्युमिडिफायर बंद ठेवून बघा, घसा कोरडा पडला तर परत चालू करा. जुनी बॅटरी दुकानदारानं वजनावर परत घेतली.

एमपीपीटीत लेड ॲसिडचंच सेटिंग पडलेलं होतं. मी बसवणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, चालतंय. मी चालू दिलं नाही. निवृत्त सर, तुम्ही आकडे सांगितले नव्हते, मी बॅटरीच्या कागदावरून घातले: चार्जिंग १४.२ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवायचा) १३.५, इक्वलायझेशन (मुद्दाम जादा चार्ज) बंद, तापमानाची भरपाई शून्य. बरोबर आहेत ना?

गेल्या आठवड्यात लांब जायचा धीर झाला नाही म्हणून गगनबावड्यालाच गेलो, तासा-दीड तासावर. काही झालं तर पहाटे घरी येता येईल असं मनात होतं. पाऊस रात्रभर पत्र्यावर वाजत होता. झोपताना मीटरवर ९४ टक्के होते. मी दोनला उठून बघितलं, ८२. परत साडेचारला, ७५. सकाळी सहाला ७१. ह्यांचं मशीन एकसारखं चालू होतं. त्यांनी चहाला उठल्यावर विचारलं, "तू झोपलीस का?" मी हो म्हटलं.

दोन शंका राहिल्यात. पुढच्या वर्षी मे महिन्यात हिमाचलातल्या स्पितीला जायचं आहे, तिथं थंडीत काय? आणि परत आल्यावर गाडी महिनाभर दारात उभी राहील तेव्हा बॅटरी फुल ठेवायची का?

निवृत्त_पदार्थविज्ञान

आकडे बरोबर आहेत. बॅटरीच्या कागदावरून घातलेत हे सगळ्यात योग्य.

थंडीचं: शून्याच्या खाली एलएफपी वापरता येते, पण चार्ज करता येत नाही. लिथियम आत शिरण्याऐवजी ऋण टोकावर धातू होऊन बसतो आणि ती हानी भरून येत नाही. चांगला बीएमएस अशा वेळी चार्जिंग थांबवतो. तुमच्या बॅटरीत ही सोय आहे का ते दुकानात लिहून घ्या. स्पितीत मे महिन्यातही रात्री शून्याखाली जातात. बॅटरी गाडीच्या आत आहे हे फार बरं. सकाळी गाडी आतून जरा उबदार झाली की मगच चार्जर चालू करा.

उभी ठेवताना फुल ठेवू नका. ५०-६० टक्क्यांवर आणून मेन स्विच बंद करा, पण त्याआधी पॅनलची लाईन तोडा. कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये बंद गाडी आतून किती तापते तुम्हाला माहीत आहे. भरलेली बॅटरी आणि उष्णता एकत्र आली की ती लवकर म्हातारी होते. जमलं तर सावलीत लावा.

उद्यमनगर_वायरमन

ताई, गगनबावड्याला जाऊन आलात म्हणजे गाडीला पहिले हादरे बसलेत. नवीन तांब्याचा लग सुरुवातीला थोडा बसतो आणि बोल्ट ढिला पडतो. मेन स्विच बंद करा, पान्याला टेप गुंडाळा, आणि बॅटरीचे दोन, शंटचे दोन, फ्यूजचे दोन बोल्ट परत एकदा आवळून घ्या. बॅटरीच्या कागदावर टॉर्क दिलेला असतो, त्याच्यापेक्षा जास्त नको, टर्मिनलचा आटा जातोय. पाचशे किलोमीटर झाले की परत एकदा. जमत नसलं तर उद्यमनगरात गाडी आणा, दहा मिनिटांचं काम हाय.